डॉक्टरांना न दाखवलेला डबा

मे २०२२. पहाटे साडेपाचला मी गच्चीवर कुरडया घालत होते. नागपुरात मे महिन्यात सातनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून चीक चारलाच शिजवून घेतला होता. तिसऱ्यांदा सोऱ्या भरला, पिळायला लागले आणि छातीत काहीतरी अडखळलं. दुखलं असं नाही. घाम तर आधीपासूनच होता. पण आत जे चाललं होतं ते माझ्या ओळखीचं नव्हतं.

खरं तर ओळखीचं होतं. मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई. नोकरीची पहिली काही वर्षं माझं टेबल शिक्के मारण्याच्या टेबलाजवळ होतं. तिथे एक जुने काका होते. शाईच्या गादीवर एक, पाकिटावर एक, गादीवर एक, पाकिटावर एक. दोन-दोन तास त्या लयीत फरक पडायचा नाही, मला त्या आवाजात हिशेब जुळवायची सवय झाली होती. नवा मुलगा त्या जागी बसला की दोन पाकिटांवर भराभर शिक्के, मग थांबणं, मग तीन, मग एक, मग पुन्हा थांबणं. त्या सकाळी माझी छाती त्या नव्या मुलासारखी चालली होती.

पाण्याच्या टाकीला टेकून बसले. हे वर आले, म्हणाले, "ऊन लागलं असंल तुला. चल खाली, पन्हं करून देतो." पन्हं प्यायले, कूलरसमोर पडून राहिले. अकराच्या सुमारास सगळं आपोआप जागेवर आलं. कुरडया सुनेने संपवल्या. विषय मिटला असं आम्ही दोघांनीही धरलं.

पोळ्याच्या दिवशी पुन्हा झालं. आणि त्यानंतर आठ-नऊ दिवसांतच महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, आंबिल ढवळताना, तिसऱ्यांदा. या वेळी अकरा वाजले, चार वाजले, रात्र झाली, तरी थांबलं नाही. सवाष्णींना वाढताना दोनदा भिंत धरावी लागली. कोणाला सांगितलं नाही. वर्षातून एकदा महालक्ष्म्या घरी येतात, त्या दिवशी बाईनं आजारपण काढायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. आज वाटतं, महालक्ष्म्यांनीसुद्धा मला बस म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट गप्प राहिले. मग ईसीजी काढला. ठोके १३८, तेही कशाला काही मेळ नसलेले. त्यांनी मला ती पट्टी समजावून सांगितली. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक बुटका उंचवटा असायला हवा, तो हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ठोका. माझ्या पट्टीवर तो उंचवटाच नव्हता, त्या जागी नुसती थरथरती रेघ. वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा थरथरत होते. सुदैवानं वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये निसर्गानं एक नाकं ठेवलं आहे, ते सगळे इशारे खाली जाऊ देत नाही. जे निसटून जातात तेवढे ठोके आपल्याला नाडीत लागतात, वेडेवाकडे. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, एट्रियल फिब्रिलेशन. आमच्या घरात आता त्याला नुसतं 'एएफ' म्हणतात, एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखं.

धंतोलीतल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. इको झाला, थायरॉइडची तपासणी झाली. झडपा चांगल्या, थायरॉइड ठीक, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालेला. डॉक्टरांनी एका कागदावर माझे गुण मांडले. बीपी आहे, एक. वय ६६, म्हणजे ६५ च्या पुढे, एक. मधुमेह नाही, आधी पक्षाघात नाही, हृदय कमजोर नाही. तेव्हा बाई असण्याचाही एक गुण धरत. हे गुण जितके जास्त तितका गुठळी होऊन ती मेंदूत जायचा धोका जास्त. वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, त्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचतं, साचलं की गोठतं. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, असं ते म्हणाले.

पाचपट हा आकडा मला नको होता. माझ्या सासूबाई उजवी बाजू गेल्यामुळे चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं सगळं मी केलं. त्यांना शब्द सापडायचा नाही, माझं नाव घ्यायला जायच्या आणि भलतंच काही तोंडातून यायचं, मग रडायच्या. वैद्यबुवा घरी यायचे, ते नेहमी म्हणायचे, "यांची नाडी उडती आहे." त्या 'उडती'चा अर्थ मला तीस वर्षांनी धंतोलीत त्या खुर्चीवर बसून कळला. तेव्हा कोणी ईसीजी काढला असता तर, हा विचार अजूनही येतो. त्या दिवशी घरी परतताना मी ऑटोत सासूबाईंसाठी रडले.

म्हणून सांगते, रक्त पातळ करायच्या गोळीशी मी कधी भांडले नाही. मला अपिक्साबॅन दिली, ५ मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ. 'पातळ' म्हणतात खरं, पण रक्त पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच. ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल. आणि ठरलं की तीन आठवडे ही गोळी न चुकता घ्यायची, मग थोडी गुंगी देऊन छातीवर विजेचा हलका झटका द्यायचा, म्हणजे लय जागेवर येईल. तीन आठवडे का? कप्प्यात आधीच गुठळी बसलेली असेल आणि लय एकदम सुरळीत झाली तर ती निसटू शकते.

झटक्याच्या तीन दिवस आधी नवरात्र लागलं. आम्ही कोराडीला जगदंबेच्या दर्शनाला गेलो. रांग मोठी होती, रात्री अकराला घरी आलो, गोळी टेबलावर तशीच. ठरल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काकू, एकही गोळी चुकली का?" माझे उपाशी पोट, हातात फाइल, बाहेर मुलगा सुट्टी घेऊन बसलेला. नाही म्हणणं फार सोपं होतं. मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग आज नाही. पुन्हा तीन आठवडे." मुलगा चिडला. मला मात्र त्या माणसाबद्दल त्या क्षणी खात्री वाटली, की हा माझ्या मेंदूची काळजी घेतोय.

झटका दिवाळीच्या चार दिवस आधी मिळाला. मला काहीच आठवत नाही. जागी झाले तेव्हा छातीवर उन्हानं भाजल्यासारखे दोन लाल पट्टे होते आणि आत जुने काका परत येऊन टेबलावर बसले होते.

आता डब्याकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते डब्यासाठीच.

दिवाळीला सगळे भेटायला आले. मला 'हार्टचं' झालंय हे कळल्यावर कोणी रिकाम्या हातानं आलं नाही. भाच्यानं अमेरिकेहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची मोठी बाटली आणली, "मामी, ओमेगा थ्री, तिकडे सगळे हार्टवाले घेतात, दिवसाला चार घे." मोठ्या जाऊबाई आर्वीहून अर्जुनसादड्याची साल घेऊन आल्या. त्यांच्या शेतात नदीच्या काठाला ते झाड आहे, साल स्वतः वाळवून कुटून आणली होती, "दुकानातली नाही गं, आपल्या झाडाची आहे. दुधात उकळून घेत जा." समोरच्या काकूंनी अश्वगंधा दिली, झोप लागावी म्हणून. यांच्या मित्रानं हळदीच्या कॅप्सूल दिल्या, काळी मिरी घातलेल्या. मुलीनं पुण्याहून मॅग्नेशियम पाठवलं, ठोक्यांना चांगलं असतं असं तिनं वाचलं होतं. ज्येष्ठमधाच्या काड्या घरात होत्याच, खोकल्याला म्हणून मी त्या रोज चघळायचे. आणि लसूण मधात मुरवून एक बरणी.

हे सगळं मी एका स्टीलच्या डब्यात ठेवलं, पूर्वी त्यात चकल्या असायच्या. रोज सकाळी देवपूजेनंतर डबा उघडायचा. प्रत्येक वस्तूबरोबर ती देणारं माणूस आठवायचं. अमुक नाही घेतलं तर जाऊबाईंना काय वाटेल, असं वाटायचं. सहा महिने मी डबा नेमानं चालवला आणि डॉक्टरांकडच्या तीन भेटींमध्ये त्याचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते 'औषध' आहे असं मला वाटतच नव्हतं. औषध म्हणजे मेडिकलमधून आणलेलं, चिठ्ठीवर लिहिलेलं. हे तर घरचं होतं.

एप्रिल २०२३ मध्ये हातांवर निळे डाग दिसायला लागले, कुठे आपटल्याचं आठवत नसताना. दात घासताना हिरड्यांतून रक्त. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी घोळणा फुटला. नागपूरच्या कोरड्या उन्हात घोळणा फुटणं ही काही घाबरायची गोष्ट नाही, लहानपणी आमच्या शाळेत रोज एखाद्याचा फुटायचा. नेहमीप्रमाणे यांनी डोक्यावर पाणी थापलं, कांदा फोडून हुंगायला दिला, मला आडवं झोपवलं. रक्त थांबेना. घशातून पोटात जायला लागलं. वीस मिनिटं, अर्धा तास. उशीचा अभ्रा, नॅपकिन, माझा गाऊन. सुदैवानं मुलगी सुट्टीला आलेली होती, तिनं फोन करून विचारलं आणि मला उठवून बसवलं. असं करायचं असतं: बसायचं, मान मागे नाही, थोडी पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटं सोडायचं नाही, तोंडानं श्वास घ्यायचा. मधेमधे सोडून बघायचं नाही. आम्ही अर्धा तास नेमकं उलटं करत होतो. थांबायला एकूण चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय काय घेता?" मी चिठ्ठीवरच्या गोळ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. मुलीनं काही न बोलता पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

मला लाज वाटली, आणि रागही आला तिचा. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली, लेबल वाचलं आणि कोऱ्या कागदावर नाव लिहीत गेले. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी वीस-पंचवीस मिनिटं त्यांनी दिली. तो कागद आजही माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे.

माशाच्या तेलाच्या बाटलीमागचे आकडे त्यांनी मुलीला बेरीज करायला लावले. एका कॅप्सूलमध्ये दोन्ही ओमेगा मिळून ६०० मिलिग्रॅम, चार म्हणजे २४००. मग ते म्हणाले ते मी पहिल्यांदाच ऐकलं. हृदयासाठी घेतात ते हेच तेल जास्त मात्रेत घेतलं तर एएफ व्हायची शक्यता वाढते. २०२० मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेरा हजारांवर माणसांची. रोज ४ ग्रॅम ओमेगा थ्री घेणाऱ्यांत नव्यानं एएफ झालं २.२ टक्के लोकांना, आणि साधं मक्याचं तेल घेणाऱ्यांत १.३ टक्के. पुढच्या वर्षी अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत धोका जवळजवळ दीडपट निघाला, कमी घेणाऱ्यांत थोडासाच वाढलेला. "तुमचं एएफ यामुळे परत येईल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही हे घ्यावं असं एकही कारण माझ्याकडे नाही." जवस खाऊ का, मी विचारलं. विदर्भातल्या बाईला जवसाच्या चटणीशिवाय भाकर जात नाही. चटणी खुशाल खा, म्हणाले.

हळदीचंही तसंच. वरणातली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला घट्ट अर्क वेगळा, त्यात काळी मिरी घातलेली, म्हणजे ती आणखी शोषली जाते. अशा कॅप्सूल आणि लसणाचा जास्तीचा मारा, दोन्ही रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. अश्वगंधेनं काही जणांचं थायरॉइड वाढल्याच्या नोंदी आहेत आणि वाढलेलं थायरॉइड हे एएफचं एक जुनं कारण. ज्येष्ठमध रोज चघळला तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. काडी चघळायला मी लहानपणापासून शिकलेली, हे ऐकून फार वेळ गप्प बसले.

अर्जुनाच्या सालीपाशी ते थांबले. "तुमच्या जाऊबाईंचा आणि या झाडाचा मी मान ठेवतो," म्हणाले. "शेकडो वर्षं लोक वापरताहेत. पण तुमच्या एएफवर ती काम करते असं दाखवणारी मोठी चाचणी माझ्यासमोर नाही, आणि तुमच्या या दोन गोळ्यांबरोबर ती काय करेल हे मला सांगता येत नाही. म्हणून नको." मला हे उत्तर पटलं. त्यांनी थुंकल्यासारखं 'हे सगळं बकवास' म्हटलं असतं तर मी घरी येऊन साल घेतच राहिले असते.

मग मॅग्नेशियम. इथे मला वाटलं, यावरही फुली मारणार. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. आलं १.५, म्हणजे कमी. कारणं दोन निघाली. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, त्यातून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही जातात. आणि मी बारा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेत होते, तीही मॅग्नेशियम कमी करते. बीपीची गोळी बदलली. मॅग्नेशियम तीन महिने चालू ठेवलं, मात्रा त्यांनी ठरवली, मूत्रपिंडाची तपासणी करून, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर तेच अंगात साचून घातक ठरतं. तीन महिन्यांनी पातळी बरोबर आली, गोळी बंद. मुलीनं अंदाजानं पाठवलेली वस्तू नेमकी लागू पडली, पण ती कमतरता होती म्हणून. कमतरता नसताना नुसतं घेऊन एएफ टळतं असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

डबा रिकामा झाला असं वाटत असताना त्यांनी विचारलं, "आणि गुडघ्यासाठी काय घेता?" ते डब्यात नव्हतं. ते माझ्या पर्समध्ये होतं. डायक्लोफेनॅक, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, आठवड्यातून तीन-चार वेळा. लग्नसराईत रोज. इथे मात्र त्यांचा आवाज चढला. सगळ्या डब्यात मिळून जितका धोका नव्हता तितका त्या एका पांढऱ्या गोळीत होता. पोटातून रक्तस्राव होऊ शकतो, बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल, तेही मोजून, आणि फिजिओथेरपी. त्या दिवसापासून पुन्हा घेतली नाही. पंधरा दिवसांत निळे डाग गेले.

हे मी इतकं सविस्तर का लिहितेय? कारण यांच्या सकाळच्या चहाच्या कट्ट्यावर सहा जण आहेत, त्यातल्या दोघांना एएफ आहे आणि दोघांच्याही खिशात गुडघ्याची गोळी आहे. त्यातल्या एकांना रिव्हारोक्साबॅन दिलंय, तीही रक्त पातळ करायचीच गोळी; २० मिलिग्रॅमची ती गोळी पोटभर जेवणाबरोबर घ्यायची असते, नाहीतर नीट शोषली जात नाही. ते गृहस्थ सोमवारी आणि चतुर्थीला चहावर घ्यायचे. कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या गोळीला जेवणाचं बंधन नाही. म्हणजे एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. वर्ध्याच्या माझ्या नणंदेचंच बघा. तिला लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यात झडप अरुंद झाली, तिलाही एएफ. तिला मात्र रक्त पातळ करायची जुनीच गोळी, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासायचा, तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. मी तिला म्हटलं, तूही माझ्यासारखी नवी गोळी माग. डॉक्टरांनी मला थांबवलं. अशा अरुंद झडपेवाल्यांत जुनीच गोळी सरस ठरते, २०२२ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं आहे. तिला पालक, मेथी, आंबाडी बंद नाही, पण एक दिवस कढईभर आणि पुढचे दहा दिवस काहीच नाही असं चालत नाही, रोज सारखंच हवं. कारण ती गोळी व्हिटॅमिन के विरुद्ध काम करते आणि पालेभाज्यांत ते भरपूर असतं.

डब्याचा निकाल लागून महिना झाला नाही तोच, जूनमध्ये, एएफ परत आलं. मी फार खचले. या वेळी लय जागेवर आणायला अमिओडेरोन सुरू केलं, दोन आठवड्यांत लय परतली. त्या गोळीत आयोडीन पुष्कळ असतं, म्हणून थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. तिच्याबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. मी घाबरत विचारलं, संत्रं? आमच्याकडे अंबिया बहार आला की पेटीशिवाय घर नसतं. डॉक्टर हसले, "संत्रं खा काकू. पपनस मात्र नको, ते त्या ग्रेपफ्रूटच्या कुळातलं." फेब्रुवारी २०२४ मध्ये थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा चढला आणि ती गोळी बंद झाली.

मधे २३ सप्टेंबर २०२३ येऊन गेला. अंबाझरी लेआउटच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही पुराची ही तारीख सांगावी लागत नाही. पहाटे जाग आली ती पलंगाखाली भांडी तरंगण्याच्या आवाजानं. पाणी पोटऱ्यांपर्यंत. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. आठ वाजले तेव्हा लक्षात आलं, गोळ्या खालच्या खणात होत्या. वीज नाही, फोन लागेना. ही गोळी बारा तासांसाठीच असते, चुकली की संरक्षण उतरायला लागतं, हे मला कोराडीच्या वेळेपासून पाठ होतं. कंबरभर पाण्यातून शेजारचा मुलगा निघाला आणि धरमपेठेतून दुपारी दीडला एक पट्टी घेऊन आला. त्याचे कपडे, त्याचे चिखलानं भरलेले पाय आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती पट्टी. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोलता काही आलं नाही. आता एक पट्टी पर्समध्ये, एक वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या फ्रिजवर.

बाकी रोजचं. सकाळी उठल्यावर अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं, पूर्ण एक मिनिट, वहीत आकडा आणि पुढे 'सरळ' किंवा 'वाकडी'. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, वाकड्या नाडीत ते चुकतं. बीपीचं यंत्रही अशा वेळी फसवतं, म्हणून तीनदा मोजून सरासरी. वजन ७१ वरून ६३.५ वर आणलं, दीड वर्ष लागलं. शंकरनगर ते एलएडी चौक, मेट्रोच्या खांबांखालून, पहाटे. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवणाऱ्यांत लय टिकण्याची शक्यता सहापट होती. डब्यातल्या कुठल्याच बाटलीमागे असा आकडा नव्हता. पापड-कुरडया आता सणापुरत्या, मिठामुळे. सावजी मटणाचा रस्सा मुलाच्या वाढदिवसाला, एक वाटी. उन्हाळ्यात पाणी मोजून पिते, कारण अंगातलं पाणी कमी झालं की माझी नाडी वाकडी होते, वहीत तीन वर्षांचे मे महिने तेच सांगतात.

यंदा वहीत 'वाकडी' तीनदा आहे, प्रत्येक वेळी काही तास. डॉक्टर आता अॅब्लेशन म्हणताहेत. फुफ्फुसांतून रक्त आणणाऱ्या नसा डाव्या कप्प्यात जिथे उघडतात, तिथून बरेचदा हे ठोके सुटतात, हे फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. मांडीच्या नसेतून तार नेऊन त्या तोंडांभोवती डाग द्यायचे, म्हणजे इशारे आतच अडतात. यांना भीती वाटते. मला सासूबाई आठवतात. अॅब्लेशन झालं तरी रक्त पातळ करायची गोळी बहुधा चालूच राहील, कारण माझे गुण तेच राहणार आणि येत्या डिसेंबरात सत्तर पूर्ण होतील.

काल मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. साल आणली नाही, त्यांना मी सगळं समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. या वेळी शेवग्याच्या पाल्याची पूड, घरच्या झाडाची, जुन्या साडीच्या पुरचुंडीत बांधलेली. "हे तर भाजीच आहे गं," म्हणाल्या. मी पुरचुंडी कपाळाला लावली आणि स्टीलच्या डब्यात ठेवली. वहीत लिहिलं: शेवग्याची पूड, विचारायचं. त्याखाली: अॅब्लेशन, किती दिवस राहावं लागेल, विचारायचं. डबा पिशवीत भरून दाराशी ठेवला आहे. शुक्रवारी चारची वेळ मिळाली आहे.